पणजीचा शालू: धुवायचा, वाटून घ्यायचा की सिनेगॉगला द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, बाईंना इस्राएलमधल्या डिमोनाच्या मावशीच्या पश्चात एक बोचकं मिळालं. त्यात पणजीचा वांगी रंगाचा शालू आणि त्या शालूत गुंडाळलेला पणजोबांचा लोकरी तालिथ, म्हणजे प्रार्थनेला खांद्यावर घ्यायचं, चार कोपऱ्यांना गोंडे असलेलं उपरणं. शालू अलिबागकडच्या गावातून मुंबईला आला, साठच्या दशकात इस्राएलला गेला आणि आता पुन्हा ठाण्याला पोचलाय. घड्यांवर चिरतोय, जरतार काळवंडली आहे, डांबरगोळ्यांचा वास येतोय, पदराजवळ तपकिरी डाग आहे. त्यांनी विचारलंय: ड्रायक्लीनला देऊ का? किती जुना असेल? चौघी बहिणींत वाटायचा का? इस्राएलमधल्या अश्दोदच्या बहिणीचं म्हणणं, तिथल्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हेखालवर, म्हणजे सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) ठेवायच्या कपाटावर, त्याचा पडदा शिवून लावावा. ते करू का?

मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. तुमच्या प्रश्नांचा क्रम जरा बदलते, कारण काही गोष्टींना घाई आहे आणि काहींना अजिबात नाही.

घाई आहे ती तालिथ आणि शालू वेगळे करण्याची. तुमच्या फोटोत शालूच्या मधल्या भागातली जरतार पट्ट्यापट्ट्यांनी काळी दिसते, आणि पट्टे साधारण तालिथच्या घडीच्याच रुंदीचे आहेत. कारण सरळ आहे. लोकरीत मुळातच गंधक असतं, ते वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं बाहेर पडत राहतं आणि चांदीवर त्याचा काळा थर बसतो. चांदीची भांडी लोकरीच्या कापडात गुंडाळू नयेत म्हणतात ते याचमुळे. तुमच्या घरी दोन्ही वस्त्रं कायम एकत्र ठेवायची पद्धत होती, आजीने तसं सांगून ठेवलं होतं, हे तुम्ही लिहिलंय. त्यामागची भावना समजते, पण ती एका कपाटात शेजारी शेजारी दोन डबे ठेवूनही सांभाळता येते. आजच वेगळी करा. रबरबँड लावला असेल तर तोही काढा, रबरातही गंधक असतं.

आता धुलाई. ड्रायक्लीनला देऊ नका, आणि घरी तर मुळीच धुऊ नका. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसलं तरी कापड यंत्राच्या पिंपात फिरतं, आपटतं. घड्यांवर तुमचं रेशीम आधीच तुटलंय, तिथे ते पिंपातून चिंध्या होऊन बाहेर येईल. पाण्याचं दुखणं वेगळं. रेशीम ओलं झालं की दुबळं होतं, वांगी रंग काठाच्या जरीत उतरू शकतो, आणि जरतारेच्या आतला रेशमी धागा फुगला की वरची धातूची पट्टी सैल होते. काळी जरतार चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी यांतलं काहीही लावून उजळायला जाऊ नका. जुन्या जरतारेवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की घासताना काळेपणाबरोबर सोनंही निघून जातं आणि खाली नुसती चांदी उरते. ती चांदी पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर काळी पडते. काळी आहे तर काळी राहू दे. काळेपणाने कापड मरत नाही, घासण्याने मरतं.

वास घालवायचा तर दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घरातच, उन्हापासून लांब, स्वच्छ चादरीवर शालू आडवा पसरा, वरून दुसरी पातळ चादर घाला आणि पंखा हळू ठेवा. काही दिवसांत वास बराच कमी होतो. दोरीवर टाकू नका. गॅलरीत तर नकोच. धूळ काढायची असेल तर शालूवर मच्छरदाणीची जाळी धरा आणि व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी जोरावर ठेवून जाळीवरून फिरवा. जाळी नसेल तर सुटे धागे आणि जरीचे टोक नळीत ओढले जातात.

चिरा का पडल्या याचं उत्तर निम्मं घडीत आहे आणि निम्मं गावांत. डिमोना 1955 साली नेगेवच्या वाळवंटात वसवलेलं गाव. तिथल्या कोरड्या हवेत रेशमाच्या धाग्यातलं पाणी निघून जातं, तो ताठ होतो आणि एकाच जागी मोडून ठेवला की तिथेच तुटतो. मावशींनी शालू जपून, कधी न उलगडता, त्याच घडीत ठेवला असणार. न वापरलेली रेशमी वस्त्रं घडीवरच आधी जातात हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. बोट, विमान, ट्रंका यांनी झालेलं नुकसान तुमच्या शालूवर मला फारसं दिसत नाही. दिसतं ते माळ्यावरच्या मायेचं. आता तोच ताठ झालेला शालू ठाण्याच्या हवेत आलाय, जिथे जुलैत भिंती घामेजतात. हा बदल एकदम होऊ देऊ नका. तालिथ आज काढून घ्या, पण शालू काही आठवडे सुती चादरीत गुंडाळून, एसी नसलेल्या पण कोरड्या खोलीत तसाच राहू द्या आणि मगच घड्या सोडा. सोडताना दोघी जणी हव्यात. जिथे घडी उलगडायला विरोध करते तिथे जोर लावू नका.

किती जुना? घरच्यांच्या तोंडी दीडशे वर्षं आहे म्हणता. कुटुंबाच्या आठवणीत कापडाचं वय दर पिढीला थोडं वाढतं, त्यामुळे मी आधी कापडालाच विचारते.

उलट बाजूचा फोटो तुम्ही पाठवलात हे फार बरं केलंत. पैठणी असती तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसल्या असत्या, कारण पैठणीच्या पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात. तुमच्याकडे मागच्या बाजूला बुट्टीपासून बुट्टीपर्यंत मोकळे धागे लोंबताहेत. म्हणजे जादा बाणा घालून केलेलं किनखाबी काम, काशीच्या मागावरचं. शालू शब्द आपल्याकडे त्यालाच वापरतात. तो विकत मात्र मुंबईत घेतलेला असू शकतो, बनारसी माल तिथे भरपूर येत असे.

पुढची परीक्षा जरतारेची. दहा पट मोठं दाखवणारं भिंग सोनाराकडे असतं, ऑनलाइनही स्वस्त मिळतं. पदरात जिथे जरतार तुटलीय अशी जागा शोधा आणि उजेड तिरका पाडा. तुमच्या एका जवळून काढलेल्या फोटोत पुरेसं दिसतं: अतिशय अरुंद चपटी पट्टी, बादला म्हणतात ती, धाग्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली, आणि पट्टी सुटलेल्या ठिकाणी आतला धागा पिवळा. ही जुन्या कलाबतूची खूण. पिवळं रेशीम मुद्दाम घेत, म्हणजे पट्ट्यांच्या फटीतूनही सोन्याचाच भास व्हावा. तांब्याची नकली जरतार असती तर कडांना हिरवट कीट दिसलं असतं आणि आत बहुधा सुती धागा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली प्लास्टिकची जरतार काळी पडतच नाही, ती सोलपटते. म्हणजे माल खरा आहे आणि स्वातंत्र्याच्या आधीचा असायला हरकत नाही. रंगावरून वय काढू नका. पहिला कृत्रिम रंग 1856 साली निघाला आणि तो जांभळाच होता. तुमचा वांगी त्या जातीचा की लाख आणि निळीचा, हे प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही.

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते लांबीने. तुम्ही मोजून साडेपाच मीटर लिहिलीय. पणजी कोकणातली, तिच्या वयाच्या बेने इस्राएल बायका गावच्या इतर बायकांसारखं नऊवारीच नेसत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पदराच्या विरुद्ध टोकाला तुमच्या फोटोत विणीची शेवटची पट्टी नाही, कापून हाताने दुमडलेली कड आहे, आणि खाली सुती फॉल लावलाय. नऊवारीला फॉल लागत नाही. म्हणजे कोणीतरी, बहुधा आजीने मुंबईत गोल साडी नेसायला सुरुवात केली तेव्हा, नऊवारीची सहावारी केली. तो उरलेला तीन वारांचा तुकडा कुठे गेला? अशा तुकड्यांची चोळी होते, बाळाचं झबलं-टोपडं होतं, सुंतेच्या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, खुर्चीवर घालायचं आच्छादन होतं. चारही बहिणींनी आपापली कपाटं बघा. मुंबईतल्या आणि अलिबागच्या नात्यातही विचारा. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्या तुकड्यावर अवलंबून आहे.

फॉलची शिवण आता आकसून रेशमाला ओढतेय, ती एखाद्या जाणत्या माणसाने उसवायला हवी. उसवलेला फॉल फेकू मात्र नका. पाकिटात घालून शालूबरोबरच ठेवा. शालू कधी बदलला याचा तो पुरावा आहे.

तपकिरी डागाबद्दल तुम्हाला फार चिंता वाटते, मला अजिबात नाही. रंग नारिंगीकडे झुकणारा, कडा पसरट नसून बोटांच्या ठशासारख्या, आणि जागा पदराच्या टोकाजवळ. मला तो मेंदीचा वाटतो. मेंदीचा रंग आपल्या कातडीला धरतो तसा रेशमालाही धरतो, दोन्ही प्रथिनंच. तो निघणार नाही, आणि काढायचा कशाला? बेने इस्राएल लग्नाच्या आदल्या रात्रीची मेंदी कोणाच्या तरी हातावरून या पदरावर उतरलेली असेल. डाग चिकट किंवा वास मारणारा असता तर गोष्ट वेगळी होती, कारण मलिद्याच्या विधीतल्या गोड पोह्यांचा एखादा कणही झुरळांना पुरतो.

तालिथकडे वळते. त्याचा एक कोपरा फाटलाय आणि एका कोपऱ्याचे गोंडे तुटलेत. इथे एक खबरदारी तुमच्याखेरीज दुसरं कोणी घेणार नाही. संग्रहालयातले लोक जुन्या कापडाच्या पाठीला आधार म्हणून लिननचं कापड सर्रास वापरतात. लोकरी तालिथला ते चालत नाही. लोकर आणि लिनन एका वस्त्रात एकत्र आणायला तोरात मनाई आहे (अनुवाद नावाचं पुस्तक, 22:11), तिला शात्नेझ म्हणतात. दुरुस्तीला कोणाकडेही द्याल तेव्हा हे लिहून द्या: आधार सुती किंवा रेशमी, धागाही तसाच. माझ्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असतेच असं नाही. तुटलेले गोंडे नवीन बांधून घ्यायचे की नाहीत हे तालिथ पुढे कोणी वापरणार आहे का यावर ठरेल. वापरणार असेल तर तुमच्या हझ्झानला, प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारा. नुसता जपायचा असेल तर आहेत तसे राहू देत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक विचारून घ्या. पुष्कळ ज्यू समाजांत पुरुषाला त्याच्या तालिथमध्येच दफन करतात. पणजोबांचा मागे का राहिला?

ठेवण्याबद्दल. शालू घडी घालून ठेवायचा नाही, गुंडाळायचा. कापडाच्या दुकानात मिळते तशी जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, चार बोटांहून जाड आणि शालूच्या पन्ह्यापेक्षा दोन्हीकडून वीतभर लांब. पुठ्ठ्यात आम्ल असतं म्हणून आधी तिला पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म लावा, वर मांजरपाट गुंडाळा. मांजरपाट आधी कढत पाण्यात दोन-तीनदा धुऊन खळ काढून टाका, कारण कसर खळीसाठीच येते. मग शालू सुलट बाजू बाहेर ठेवून, मधे मधे मांजरपाट घालत सैलसर गुंडाळा आणि रुंद सुती नाडीने बांधा. नळीची टोकं दोन उशांवर टेकवा, म्हणजे शालूवर त्याचं स्वतःचं वजन येत नाही. लोखंडी ट्रंक गंजते आणि गंजाचा डाग रेशीम खातो. सागवानी पेटी दिसायला छान, पण लाकडाची वाफही आम्ल असते. रंग न उडालेलं स्टीलचं कपाट, बाथरूमच्या भिंतीला न लागणारं, हे आपल्या घरांतलं सगळ्यात चांगलं ठिकाण. डांबरगोळ्या नकोत. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पण कापडाला न टेकता. शंभर-दोनशे रुपयांना आर्द्रतामापक मिळतो, तो आत ठेवा. काटा 65 टक्क्यांच्या वर राहायला लागला की बुरशीची भीती. तालिथला मात्र खरी भीती किड्यांची, लोकर त्यांना फार आवडते. भोकं किंवा भुसा दिसला तर सुती कापडात आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटेल.

आता वाटणी आणि पडदा. चौघींत चार तुकडे करायला माझा स्पष्ट विरोध आहे. चिरलेल्या घड्यांवरून कापलेला प्रत्येक तुकडा चारही कडांनी उसवत जाईल आणि वीस वर्षांत चौघींकडे चार पुरचुंड्या उरतील. शालू एकीच्या घरी राहू दे. कोणाच्या, ते ज्या घरात कोरडं कपाट आहे त्यावरून ठरवा, वयावरून नको.

पडद्याची गोष्ट मला इतक्या सहज नाकारता येत नाही. लग्नाचं उंची वस्त्र शेवटी तोरापाशी नेणं ही ज्यूंची जुनी चाल आहे. तुर्कस्तानातल्या ज्यू नवऱ्यामुली बिंदाल्ली नावाचे सोनेरी भरतकामाचे मखमली झगे घालत आणि पुढे त्याच कापडाचे पडदे हेखालवर चढत. आपल्याकडेही साड्यांचे पडदे आणि आच्छादनं सिनेगॉगना वाहिली गेलीत. अश्दोदच्या बहिणीला जे सुचलं ते परंपरेत बसणारंच आहे. अडचण दोन गोष्टींची. पडदा टांगलेला असतो, म्हणजे जरीचं सगळं वजन आधीच तुटलेल्या धाग्यांवर येणार, शिवाय दिव्यांचा उजेड आणि समुद्रकाठची खारी हवा. आणि एकदा हेखालवर चढलेलं कापड घरी परत आणायचं नसतं. जीर्ण झालं की ते गेनिझात, म्हणजे जीर्ण धार्मिक वस्तू ठेवायच्या जागेत, ठेवतात किंवा पुरतात. म्हणून माझं मत असं: तो कापलेला तीन वारांचा तुकडा सापडला तर पडद्यासाठी तोच द्या. तिथे नव्या भक्कम रेशमाचा पडदा शिवून घ्या, जुना तुकडा मधोमध बारीक नायलॉनच्या जाळीखाली टाचा, पाठीला सुती अस्तर लावा, आणि तो फक्त सणाला, समजा दारफळणीच्या सणाला (योम किप्पूरला), बाहेर काढायचा असं सिनेगॉगशी ठरवून घ्या. तुकडा नाही सापडला तरी मूळ शालूला कात्री लावू नका.

यातलं काहीही करण्याआधी नोंद करा. दोन्ही बाजूंचे फोटो, फुटपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. पन्हा, लांबी, प्रत्येक चिरेची जागा. आणि माणसांकडून माहिती. मावशीचं लग्न कधी आणि कुठे झालं? हे साल मी उगीच विचारत नाही. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, आदेश निघाले आणि बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यू समाजात होताना त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासायला लागले. 1964 साली समाजाने जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे सरकारने आणि संसदेने बाजू घेतली. त्या वर्षांत तिथे लग्न झालेल्या मुलीने कोकणातल्या पणजीचा शालू नेसला असेल, तर तो नेसण्याला नुसत्या हौसेपेक्षा जास्त काही अर्थ होता. नेसला नसेल, पांढऱ्या गाऊनमध्ये लग्न केलं असेल, तर तेही लिहून ठेवा. ही सगळी हकिगत मराठीत आणि हिब्रूत, दोन्हीत लिहा. अश्दोदच्या नातवंडांना देवनागरी येणार नाही आणि ठाण्याच्या नातवंडांना हिब्रू. कागद डब्यात ठेवायचा तर पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. शालूवर खूण हवी असेल तर सुती नाडीवर लिहून ती नळीला बांधा, कापडाला टाचणी लावू नका.

चौघींपैकी कोणालाच सांभाळणं जमणार नसेल तर संग्रहालयाशी बोला. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने 1995 साली भारतातल्या तिन्ही ज्यू समाजांवर मोठं प्रदर्शन केलं होतं, त्यांच्याकडे बेने इस्राएल कपडे आहेत. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या मॅग्नेस संग्रहातही भारतीय ज्यूंच्या वस्तू चांगल्या संख्येने आहेत. दुरुस्तीपुरता सल्ला हवा असेल तर मुंबईतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे.

शेवटचं कायद्याचं. शालू पुन्हा इस्राएलला पाठवायचा विचार असेल तर आधी वय ठरवून घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तुमचा शालू बरोबर त्या सीमेवर आहे. विमानतळावर कोणी "किती जुना?" असं विचारलं आणि तुम्ही अभिमानाने "दीडशे वर्षं" म्हणालात तर तो तिथेच अडकेल. इस्राएलहून तो आणला त्या प्रवासाची तिकिटं आणि तिथे काढलेले फोटो जपून ठेवा. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई कार्यालयात तो पुरावस्तू नसल्याच्या दाखल्यासाठी विचारा. अर्जाला मोजमापं आणि फोटो लागतील, ते तोवर तुमच्याकडे तयार असतीलच.